तीनशे वर्षांनी हुकलेला पासपोर्ट

मुंबईत गिरगावच्या खोताच्या वाडीत दोन शेजारी आहेत असं समजू. दोघांचंही आडनाव डिसोझा. दोघांच्या घरांना पुढे ओटा, लाकडी कठडा, वर कौलं आणि घराच्या बाहेरून वर चढणारा जिना. दोघांच्याही पूर्वजांना बाप्तिस्मा दिला तो पोर्तुगीज पाद्र्यांनी. नाताळात दोघांच्या घरी दोदोल ढवळलं जातं. पण एका डिसोझांचा नातू, कागद नीट असतील तर, लिस्बनच्या एका कचेरीत नोंद करून युरोपीय संघाच्या २७ देशांपैकी कुठेही राहू शकतो, नोकरी करू शकतो, उद्या तिथं निवडणूकसुद्धा लढवू शकतो. दुसऱ्या डिसोझांचा नातू मात्र युरोपच्या व्हिसासाठी तुमच्याआमच्यासारखाच बँकेची स्टेटमेंट घेऊन रांगेत उभा राहतो.

पहिले डिसोझा गोंयकार, म्हणजे मूळचे गोव्याचे, दुसरे ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडचे मूळचे ख्रिस्ती. एकाचं नशीब १९६१ नं ठरवलं, दुसऱ्याचं १६६१ नं. बरोबर तीनशे वर्षांचा फरक. आज युरोपला ज्या दुखण्यांनी घेरलंय, म्हणजे म्हातारी होत चाललेली वस्ती, कामाला माणसं नाहीत, आलेली माणसं नकोत, शहरात राहायला घर परवडत नाही, ती सगळी दुखणी या फरकाच्या अनुषंगानं गिरगावात बसून पाहता येतात. मला हे फार अजब वाटतं.

आधी वाडीबद्दल. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत नावाच्या पाठारे प्रभू गृहस्थांनी इथली जमीन तुकड्यातुकड्यांनी ईस्ट इंडियन कुटुंबांना दिली. म्हणजे ज्या घरांना आपण बिनदिक्कत ‘पोर्तुगीज’ म्हणतो ती बांधली गेली तेव्हा मुंबईतून पोर्तुगीज जाऊन शंभराहून जास्त वर्षं उलटली होती, आणि वाडीला नाव मिळालं ते मराठी जमीनदाराचं. एके काळी इथं ६५ घरं होती म्हणतात. आज त्यांतली निम्मीही उरलेली नाहीत.

आता १६६१. गुजरातच्या बहादूरशहानं १५३४ मध्ये वसई आणि तिच्याबरोबर मुंबईची बेटं पोर्तुगीजांना दिली होती. सव्वाशे वर्षांनी पोर्तुगालला स्पेनविरुद्ध इंग्लंडची साथ हवी होती, म्हणून राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रगांझाचं लग्न दुसऱ्या चार्ल्सशी ठरलं आणि २३ जून १६६१ च्या विवाहकरारात मुंबई आंदण म्हणून लिहिली गेली. गोव्यातला पोर्तुगीज व्हाइसरॉय अंतोनियो द मेलो इ कास्त्रो हा करार पाळायला राजीच नव्हता. इंग्रज मुंबईत बसले त्या दिवशी हिंदुस्थान आपल्या हातून गेला समजा, अशा अर्थाचं त्यानं आपल्या राजाला कळवलं होतं. शेवटी १६६५ मध्ये त्याला बेट सोडावं लागलं. चार्ल्सला या पाणथळ आंदणाचं काय करावं ते कळेना. त्यानं १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्यानं मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली.

जमीन गेली तशी माणसंही गेली. मुंबईचे ख्रिस्ती रहिवासी एका सहीनं पोर्तुगालच्या राजाचे राहिले नाहीत, इंग्लंडच्या राजाचे झाले. साष्टी-वसईचे त्यानंतर काही काळ पोर्तुगीज छत्राखाली राहिले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तोही अध्याय मिटला. पुढे गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण वेगळे, इथले मूळचे, हे सरकारला कळावं म्हणून या समाजानं १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. घरी बोली मराठीची, लग्नात उंबराचं पाणी आणायची पद्धत, मसाला बाटलीत ठासून भरलेला आणि आडनाव लिस्बनच्या फोन डिरेक्टरीतलं. पण लिस्बनच्या लेखी ते कोणीच नाहीत.

जाता जाता एक योगायोग. ब्रिटननं युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला तो २३ जून २०१६ ला. तारीख त्या विवाहकराराचीच. १६६१ मध्ये इंग्लंडचं कॅलेंडर युरोपातल्या इतर बहुतेक देशांच्या दहा दिवस मागे चालायचं, तेव्हा फार गाजावाजा करायला नको. पण एका २३ जूननं ईस्ट इंडियन डिसोझांचा युरोप बंद केला आणि दुसऱ्या २३ जूननं गोंयकार डिसोझांचा निम्मा युरोप, याची मौज वाटतेच.

निम्मा कसा ते कळायला १९६१ कडे जावं लागतं.

गोव्यात पोर्तुगीज टिकले, आणि टिकण्यासाठी हुकूमशहा सालाझारनं एक कायदेशीर चलाखी केली. जगभर वसाहती सुटू लागल्या तेव्हा पोर्तुगालनं १९५१ मध्ये आपली घटना बदलून ‘वसाहती’ हे प्रकरणच कागदावरून काढून टाकलं. गोवा, अंगोला, मोझांबिक आता ‘सागरापलीकडचे प्रांत’ झाले. पोर्तुगालचाच भाग म्हटल्यावर त्याला सोडायचा प्रश्न येतो कुठे, असा युक्तिवाद. भारतानं तो मानला नाही आणि १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. मात्र त्या युक्तिवादाची शेपूट कायद्यात अडकून राहिली. गोवा पोर्तुगालचा भाग होता, तर तिथं जन्मलेला माणूस जन्मानं पोर्तुगीज नागरिक. पोर्तुगालमध्ये २५ एप्रिल १९७४ ला क्रांती झाली, नव्या सरकारनं ३१ डिसेंबर १९७४ ला भारताशी करार करून गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. जमीन सोडली, पण १९६१ च्या मुक्तीआधी तिथं जन्मलेल्यांचं आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांचं नागरिकत्व पुसलं नाही. वडिलांचा जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कचेरीत नोंदवायचा, मग आईवडिलांचं लग्न, मग मुलाचा जन्म, अशी साखळी.

भारतानं आपल्या बाजूनं १९६२ मध्ये एक आदेश काढला. गोव्यात जन्मलेले, किंवा ज्यांचे आईवडील वा आजीआजोबा तिथं जन्मले, ते सगळे भारतीय. ज्यांना पोर्तुगीजच राहायचंय त्यांनी महिन्याभरात लेखी कळवावं. फारच थोड्यांनी कळवलं. त्यांतले एक मोन्सिन्योर रेमेदियोस मोन्तेरो हे धर्मगुरू. पोर्तुगीज राहिले, पण गोव्यात राहायचा परवाना घेईनात. परदेशी नागरिक म्हणून खटला झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६९ मध्ये त्यांचं अपील फेटाळलं गेलं. बाकी लाखो लोक दोन देशांच्या कायद्यांनी एकाच वेळी आपले मानलेले, आणि त्यांतल्या बहुतेकांना पत्ताही नाही.

यात धर्म कुठेच येत नाही, हे विसरता कामा नये. केसरबाई केरकर केरीत जन्मल्या १८९२ मध्ये, दीनानाथ मंगेशकर मंगेशीत १९०० मध्ये, मोगूबाई कुर्डीकर कुर्डीत १९०४ मध्ये. मराठी माणसाच्या कानावर ज्यांनी राज्य केलं ती ही माणसं पोर्तुगीज निशाणाखाली जन्मली. गिरगावच्या चाळींतल्या कामत, नाईक, शिरोडकर यांच्या घरांतही असे आजोबा निघतील. दमण-दीवच्या कितीतरी गुजराती हिंदू कुटुंबांनी हाच रस्ता धरून लेस्टर आणि वेम्बली गाठलंय.

पण तेव्हा या नागरिकत्वाची किंमत काय होती? जवळजवळ शून्य. १९६१ चा पोर्तुगाल पश्चिम युरोपातला दरिद्री देश होता. त्याचे स्वतःचे तरुण रातोरात पिरेनीज डोंगर ओलांडून चोरून फ्रान्समध्ये शिरत होते. पॅरिसला लागून असलेल्या शाम्पिन्यी गावात चिखलात पत्र्यांची झोपडपट्टी होती, त्यात हजारो पोर्तुगीज मजूर राहत. त्याच काळात गोंयकारांचं परदेश म्हणजे मुंबई. धोबीतलाव, गिरगाव, माझगाव भागात गावागावाच्या ‘कूड’ होत्या, काही अजून आहेत. एका गावच्या माणसांसाठी एक मोठी खोली, भिंतीशी ओळीनं लावलेल्या पेट्या, एका टोकाला गावच्या संताची वेदी, संध्याकाळी रोझरी चुकवायची नाही. बोटीवरचा आचारी, बँडमधला व्हायोलिनवाला, साहेबाचा बटलर असे सगळे बोटीची वाट बघत तिथं पडून असत आणि गावाकडे मनिऑर्डरी करत. शाम्पिन्यीच्या झोपडीतला पोर्तुगीज आणि धोबीतलावच्या कुडीतला गोंयकार कायद्यानं एकाच देशाचे नागरिक, आणि दोघेही घर सोडून आलेले!

मग कोणी न ठरवता त्या कागदाचा भाव चढत गेला. १ जानेवारी १९८६ ला पोर्तुगाल युरोपीय समुदायात दाखल झाला. १९९३ मध्ये मास्ट्रिख्ट करार लागू झाला आणि ‘युरोपीय संघाचं नागरिकत्व’ नावाची नवी गोष्ट जन्माला आली. लिस्बनच्या वहीत नाव असलेला माणूस एका झटक्यात लंडनमध्ये काम करायला मोकळा झाला. सालाझारनं गोवा धरून ठेवायला जो युक्तिवाद रचला, त्याच्या जोरावर गोव्यातली पोरं इंग्लंडला निघाली. गोव्याच्या सासष्टी भागातल्या घरांतून आजोबांचे दाखले बाहेर येऊ लागले. कुठे ‘सोझा’चं ‘सौझा’, कुठे कामतांचं ‘कामोतिम’. एकेका अक्षरासाठी महिनेच्या महिने.

यांतले बहुतेकजण पोर्तुगालला गेलेच नाहीत. ते गेले स्विंडनला. लंडनच्या पश्चिमेला असलेलं हे गाव जुन्या रेल्वे कारखान्यांसाठी प्रसिद्ध. तिथं गोदामं, मोटारींचे कारखाने, वृद्धांची सेवागृहं अशा ठिकाणी माणसं हवी होती. एकानं दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्यानं चौघांना. कुडीतलीच रीत. इंग्लंडमधल्या गोंयकारांची सगळ्यात मोठी वस्ती स्विंडनमध्ये झाली. आणि त्याच स्विंडननं २०१६ मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूनं बहुमतानं कौल दिला. कारखाना चालवायला परके चालतात, पण दवाखान्याच्या रांगेत आणि भाड्याच्या घरात त्यांची अडचण होते, ही भावना अख्ख्या युरोपात आहे. स्विंडननं ती मतपेटीत घातली. पुढे २०२१ च्या जुलैत होंडानं तिथला कारखानाच बंद केला. ३१ डिसेंबर २०२० पर्यंत जे ब्रिटनमध्ये राहायला पोचले होते त्यांना राहू दिलं गेलं. त्यानंतर पोर्तुगीज पासपोर्टवर तिथं नोकरी मिळणं बंद. नव्या पोरांनी आयर्लंड, फ्रान्स, जर्मनीकडे मोर्चा वळवला. आयर्लंडमध्ये २०२५ च्या उन्हाळ्यात भारतीयांवर हल्ले झाले तेव्हा डब्लिनच्या भारतीय दूतावासाला सावधगिरीची सूचना काढावी लागली.

युरोपला माणसं हवीत की नकोत? दोन्ही! हे उत्तर चमत्कारिक असलं तरी आकडे तेच सांगतात. युरोपीय संघातल्या माणसांचं मध्यम वय २०२४ च्या सुरुवातीला ४४.७ वर्षं होतं, म्हणजे निम्मे लोक त्याहून मोठे. भारतात हा आकडा २८ च्या आसपास. वस्ती आहे तेवढी टिकवायला एका बाईमागे साधारण २.१ मुलं लागतात, तिथं २०२३ मध्ये हा आकडा १.३८ होता. आजचे कामकरी कर भरतात त्यातूनच आजच्या म्हाताऱ्यांना पेन्शन मिळते, अशी बहुतेक देशांची व्यवस्था. मारियो द्राघी यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपच्या अर्थव्यवस्थेवर जो अहवाल दिला त्यात स्पष्ट म्हटलंय, की २०४० पर्यंत कामकऱ्यांची संख्या वर्षाला जवळजवळ २० लाखांनी कमी होत जाईल.

इटलीतल्या सिसिली बेटावर सांबूका, मुसोमेली अशी गावं आहेत. तिथं नगरपालिकांनी ओस पडलेली जुनी घरं एक युरोला, म्हणजे आपल्या साधारण शंभर रुपयांना विकायला काढली. अट एवढीच, की घेणाऱ्यानं ती दुरुस्त करावीत. गिरगावात शंभर रुपयांत वडापावाच्या तीन-चार प्लेटी येतील. युरोपात घरं आहेत पण माणसं शहराकडे पळालेली, आणि ज्या शहरात पळालीत तिथं घर परवडत नाही.

त्याच इटलीच्या पंतप्रधान जॉर्जिया मेलोनी स्थलांतराला विरोध करत २०२२ मध्ये निवडून आल्या. त्यांच्याच सरकारनं २०२३ ते २०२५ या तीन वर्षांसाठी युरोपीय संघाबाहेरच्या साडेचार लाख कामगारांना परवाने देण्याचं ठरवलं, आणि पुढच्या तीन वर्षांसाठी जवळजवळ पाच लाख. भाषणात दार लावायचं आणि शेतात टोमॅटो तोडायला, म्हातारीला आंघोळ घालायला माणूस आणायचा. याला मी ढोंग म्हणणार नाही. मत देणारा आणि नर्स शोधणारा हा बऱ्याचदा एकच माणूस असतो, आणि त्या दोन्ही वेळी तो खरंच बोलत असतो.

पोर्तुगालची कथा याहून गुंतागुंतीची. तिथले शिकलेले तरुण लक्झेंबर्ग, स्वित्झर्लंडला जातात आणि त्यांच्या जागी ब्राझील, नेपाळ, बांगलादेश, भारतातून माणसं येतात. परदेशी रहिवाशांची संख्या २०१७ मध्ये चार लाखांच्या थोडी वर होती, ती २०२४ अखेर पंधरा लाखांवर गेली. देशाची वस्ती एक कोटीच्या आसपास, त्यामुळे हा फरक रस्त्यावर दिसतो. ‘चेगा’ नावाचा परकीयविरोधी पक्ष २०१९ मध्ये निघाला. २३० जागांच्या संसदेत त्याला त्या वर्षी १ जागा मिळाली, २०२२ मध्ये १२, २०२४ मध्ये ५० आणि मे २०२५ मध्ये ६०, म्हणजे समाजवाद्यांपेक्षाही जास्त.

राग कशाचा, हे नीट पाहिलं तर त्यात घरभाडं फार मोठं आहे. आणि लिस्बनची भाडी नेपाळी डिलिव्हरी बॉयनं वाढवलेली नाहीत. २०१२ मध्ये, दिवाळखोरीच्या कडेला असताना, पोर्तुगालनं ‘गोल्डन व्हिसा’ काढला. पाच लाख युरोंचं घर घ्या, राहायचा परवाना घ्या. पैसेवाले आले, पर्यटक आले, जुन्या आल्फामा वस्तीतल्या खोल्या रात्रीच्या हिशेबानं भाड्यानं जाऊ लागल्या. अखेर २०२३ मध्ये घरखरेदीवरचा परवाना बंद करावा लागला. युरोपात शिरायची दारं तीन आहेत. एक आजोबांच्या दाखल्याचं, दुसरं पैशाचं, तिसरं घामाचं. घरं महाग झाली ती दुसऱ्या दारातून आलेल्यांमुळे आणि दगड पडतात ते तिसऱ्या दारातून आलेल्यावर. खोताच्या वाडीतल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. त्याच्या डोक्यावर ज्या उंच इमारती उठल्या त्या गावाकडून आलेल्या मजुरांनी बांधल्या खऱ्या, पण मजुरांसाठी नव्हे.

तिसऱ्या दारात आता महाराष्ट्र सरकारही उभं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी करार झाला. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर असे दहा हजार तरुण तिकडे पाठवायचं उद्दिष्ट. त्या राज्याची राजधानी स्टुटगार्ट १९६८ पासून मुंबईचं भगिनी-शहर. २०२४ च्याच ऑक्टोबरात जर्मनीनं भारतीयांसाठी कुशल कामगारांचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांवर नेले. चारच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत परकीयविरोधी ‘आल्टरनेटिव्ह फ्युर डॉइचलांड’ पक्ष दुसऱ्या क्रमांकावर आला. आपल्या दुसऱ्या डिसोझांच्या नातवाला युरोपला जायचं असेल तर रस्ता हा. बाजूच्या चाळीतला पाटील आणि तो, दोघे एकाच वर्गात जर्मनची लिंगं घोकतील.

पहिल्या दाराची किल्लीही फुकट नाही. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. पोर्तुगीज पासपोर्ट हातात आला की भारतीय पासपोर्ट गेला, मतदान गेलं. परत यायचं तर परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर. त्या कार्डासाठी लागणाऱ्या कागदांचा घोळ इतका झाला की एप्रिल २०२४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाला खास गोंयकारांसाठी नियम सैल करावा लागला. असंच एक ओसीआय कार्ड अंतोनियो कोश्ता यांच्याकडे आहे, २०१७ मध्ये पंतप्रधान मोदींनी दिलेलं. कोश्तांचं घराणं मडगावचं, घरचं लाडाचं नाव बाबूश. आठ वर्षं ते पोर्तुगालचे पंतप्रधान होते आणि १ डिसेंबर २०२४ पासून युरोपियन कौन्सिलचे अध्यक्ष आहेत. सीमा, स्थलांतर, युक्रेन यांवर सत्तावीस देशांचे प्रमुख भांडायला बसतात तेव्हा अध्यक्षाच्या खुर्चीत हा गोंयकाराचा नातू असतो.

चेगाचं बळ वाढल्यापासून मडगावात पोर्तुगालचे निवडणूक निकाल पाहिले जातात ते उगीच नाही. २०२५ मध्ये लिस्बनच्या संसदेनं नागरिकत्वासाठी तिथं राहण्याची अट बहुतेक परदेशीयांसाठी पाच वर्षांवरून दहा करायचा कायदा मंजूर केला. घटना न्यायालयानं त्यातली काही कलमं अडवली, तरी वारं कुठल्या दिशेला आहे ते कळलं. पण या अटीचा रोख बाहेरून येऊन पोर्तुगीज होऊ पाहणाऱ्यांवर आहे. गोंयकार डिसोझा लिस्बनच्या कचेरीत नागरिकत्व मागत नाहीत. आजोबा जन्मतःच नागरिक होते, तेव्हा मी आहेच, एवढंच नोंदवून घ्या, असं त्यांचं म्हणणं असतं, आणि तिथला कायदा ते मान्य करतो. ‘पोर्तुगाल पोर्तुगीजांचा’ म्हणणाऱ्यांची मोठी पंचाईत आहे. त्यांच्याच कायद्यानं गिरगावातला हा माणूस पोर्तुगीज आहे.